सम्यक स्मृती आणि आजचा दिवस

(आमच्या विहारात वर्षावासातील प्रवचनमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे. बोलण्याची भाषा मुद्दामच तशीच ठेवली आहे.)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'वर्तमानात जगणे' असा. विषय ऐकायला गोड आहे. आजकाल तो कॅलेंडरच्या पानावर, मोबाईलवर, कुठेही वाचायला मिळतो. झाले गेले विसरा, उद्याची काळजी सोडा, आज मजेत राहा. आम्ही विचार केला, आपल्या माणसाला हे सांगायचे कसे? ज्याच्या बांधीत रोवणा व्हायचा आहे आणि पाऊस नाही, त्याने उद्याची काळजी सोडायची? ज्या समाजाने हजारो वर्षे अपमान सोसला, त्याने मागचे विसरायचे? असे जर तथागतांनी सांगितले असते तर बाबासाहेबांनी हा धम्म आपल्या हाती दिलाच नसता. तेव्हा तथागतांनी नेमके काय सांगितले, ते आधी नीट पाहू.

अष्टांगिक मार्गातील सातवे अंग म्हणजे सम्यक स्मृती. पालीत 'सम्मा सति'. आता हा 'सति' शब्द पाहा. तो 'स्मृती' या शब्दाचेच पाली रूप आहे. स्मृती म्हणजे आठवण! म्हणजे ज्या साधनेला लोक 'विसरून जाण्याची' साधना समजतात, तिचे नावच मुळी आठवणे असे आहे. काय आठवायचे? आपण आता काय करतो आहोत, शरीर कोणत्या स्थितीत आहे, मनात राग आहे की लोभ आहे की भीती आहे, हे आठवणीत ठेवायचे, त्याचे भान सुटू द्यायचे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागरूकता असा सांगितला आहे, मनात शिरणाऱ्या दुष्ट विकारांवर मनानेच ठेवलेला पहारा. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. दर वर्षावासात आपण त्याचे वाचन करतो. तेवढे पान यावेळी जरा थांबून वाचा.

कुरू देशातील कम्मासदम्म नावाच्या गावी तथागतांनी सतिपट्ठानाचा उपदेश केला. स्मृती चार ठिकाणी ठेवायची : शरीरावर, शरीरात जाणवणाऱ्या सुखदुःखाच्या संवेदनांवर, चित्तावर आणि चित्तात येणाऱ्या विषयांवर. सुरुवात श्वासापासून. श्वास दीर्घ आहे तर दीर्घ, आखूड आहे तर आखूड, एवढेच जाणायचे. तो बदलायचा नाही, मोजायचा नाही, त्यावर कोणता मंत्र चढवायचा नाही. श्वासच का? आम्हाला वाटते, कारण तो उधारीवर मिळत नाही. कालचा श्वास आज घेता येत नाही आणि उद्याचा आज साठवता येत नाही. शिवाय तो गरिबाजवळही आहे, निरक्षराजवळही आहे. त्यासाठी पुरोहित लागत नाही, दक्षिणा लागत नाही, मुहूर्त तर नाहीच नाही.

आता एक गोष्ट. ही आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे, पण आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मुंबईजवळचे नालासोपारा आपल्याला ठाऊक आहे. प्राचीन काळी ते शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून काढला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथे सापडला. याच सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर बाहिय नावाचा एक तापस राहत असे. झाडाची साल नेसायचा म्हणून बाहिय दारुचीरिय. लोक मान देत, पाया पडत, भिक्षा आणून देत. त्याला वाटू लागले की आपण अर्हत झालो. पुढे त्याला कळते की आपण अर्हत तर नाहीच, पण त्या वाटेवरसुद्धा नाही. (ग्रंथात हे एक देवता येऊन सांगते. ती देवता आपण बाजूला ठेवू. माणसाला स्वतःच्या मनानेही हे कधीतरी कळतेच.) मानसन्मान तेथेच टाकून बाहिय श्रावस्तीला निघाला. सोपारा ते श्रावस्ती हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे. वाटेत तो कोठेही एका रात्रीपेक्षा जास्त थांबला नाही, असे सांगतात.

तो पोहोचला तेव्हा तथागत भिक्षाटनाला निघाले होते. बाहियने रस्त्यातच पाय धरले, मला धम्म सांगा. तथागत म्हणाले, ही वेळ नव्हे, आम्ही भिक्षेला निघालो आहोत. त्याने पुन्हा विनवले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तो म्हणाला की तुमचे किंवा माझे आयुष्य किती उरले आहे ते कोणाला ठाऊक! तेव्हा भर रस्त्यात, भिक्षापात्र हाती असतानाच तथागतांनी त्याला अगदी थोडक्यात सांगितले. त्याचा भावार्थ असा की डोळ्यांना दिसते ते केवळ दिसणे असू दे, कानांनी ऐकले ते केवळ ऐकणे असू दे, त्यात 'मी' आणि 'माझे' घुसडू नकोस. बाहियला तेवढे पुरे झाले. आणि थोड्याच वेळात वासराच्या गाईने मारल्यामुळे त्याचा मृत्यू झाला. तथागतांनी भिक्खूंना सांगून त्याचे दहन करविले आणि स्तूप उभारायला लावला.

या कथेतले आम्हाला सर्वात जास्त भिडते ते त्याचे 'आत्ता सांगा' हे म्हणणे. आपण काय म्हणतो? मुलीचे लग्न होऊ द्या, मग विहारात येतो. रिटायर झालो की ध्यान करू. दिवाळीनंतर दारू सोडतो. ही दिवाळी कोणत्या वर्षाची ते मात्र कोणी सांगत नाही!

आणखी एक कथा आहे, तेलाच्या वाटीची. ती आपल्या झाडीपट्टीच्या भाषेत सांगतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. पाहुणे आलेले, दुकाने लागलेली, एकीकडे दंडार रंगलेली, रात्रीच्या नाटकाचा भोंगा वाजतो आहे. अशा गर्दीतून एका माणसाला काठोकाठ तेलाने भरलेले भांडे डोक्यावर घेऊन जायचे आहे. मागे तलवार घेतलेला शिपाई. एक थेंब सांडला की मुंडके उडणार. तथागत भिक्खूंना विचारतात, तो माणूस भांड्यावरचे लक्ष काढून इकडेतिकडे पाहील काय? नाही पाहणार. शरीराची स्मृती अशी ठेवा, असे तथागत सांगतात. लक्षात घ्या, त्यांनी त्या माणसाला जंगलात एकांतात बसवले नाही. भर गर्दीत चालायला लावले. आपण संसारी माणसे रोज त्या मंडईतूनच चालतो.

आमच्या काही भगिनी म्हणतील, आम्हाला हे नवीन नाही, आमचे हात दिवसभर कामातच असतात. खरे आहे. रोवण्याच्या वेळी चिखलात वाकून, पऱ्ह्याची पेंढी डाव्या हातात धरून, एकेक रोप लावत माता-भगिनी मागे मागे सरकतात. त्यांच्यासमोर फक्त वीतभर चिखल असतो. विडी वळणाऱ्या भगिनींचे हात तर डोळे मिटले तरी चुकत नाहीत. पण हात कामात असणे म्हणजे मन जागेवर असणे नव्हे. हात तेंदूपानावर आणि मन ठेकेदाराच्या छाटणीवर, थकलेल्या हप्त्यावर, नणंद दहा वर्षांपूर्वी काय बोलली त्यावर. हजार विड्या वळून होतात आणि त्यासोबत हजार वेळा तेच दुःख वळून होते. (विडीच्या धंद्याचे कौतुक करायला आम्ही उभे नाही. त्या तंबाखूच्या धुळीने किती जणींची छाती बिघडली ते आपण पाहतोच. मुलींना त्या सुपापासून दूर ठेवा आणि शाळेत पाठवा.) सांगायचे एवढेच की कष्टाची जखम एकदा होते, पण ती मनाने दिवसभर खाजवत बसण्याची सवय सुटू शकते. ती सुटते ती सरावाने, नुसत्या समजुतीने नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी, ज्यांनी पँथरच्या काळापासून मोर्चे पाहिले, आम्हाला सरळ विचारले, "डोळे मिटून बसल्याने अत्याचार थांबतात काय?" प्रश्न कठोर आहे, पण या जिल्ह्यात तो विचारलाच गेला पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी याच भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. त्या घटनेनंतर जन्मलेली मुले आज कॉलेजात आहेत. त्यांना आम्ही 'वर्तमानात जगा, मागचे सोडा' असे सांगावे काय?

नाही. तसे आम्ही सांगणार नाही आणि कोणी सांगितले तर ऐकू नका. सति म्हणजे स्मृती, हे आम्ही सुरुवातीलाच बोललो. खैरलांजी लक्षात ठेवायची आहे. ६ डिसेंबर लक्षात ठेवायचा आहे. प्रश्न आहे तो आठवण आपल्या हातात आहे की आपण आठवणीच्या हातात आहोत, हा. राग मनात भडकला आणि तो भडकल्याचे भान नसेल, तर तो राग घरातल्या बायकोवर निघतो, पोरावर निघतो, दारूच्या गुत्त्यावर निघतो. ज्याच्यावर निघायला पाहिजे तो सुखरूप राहतो. भान असेल तर तीच आठवण फिर्याद नीट लिहवून घेते, साक्षीदाराला धीर देते, कोर्टाची तारीख चुकवत नाही. डोळे मिटून बसल्याने अत्याचार थांबत नाहीत हे आम्हालाही मान्य आहे. पण अत्याचाराविरुद्ध वीस वर्षे न थकता उभे राहायचे असेल तर मन जागेवर लागते. ज्या ज्येष्ठांनी प्रश्न विचारला त्यांना आमचे उत्तर पूर्ण पटले असे नाही. ते म्हणाले, "बसा, पण उठायचे विसरू नका." आम्हाला ते मान्य आहे.

बाबासाहेबांचेच पाहा. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे होते. घटनेचा शिल्पकार आपल्या या भंडाऱ्यात पडला. प्रकृती आधीच खालावलेली. दुसरा कोणी असता तर त्या पराभवाला उराशी धरून बसला असता. बाबासाहेब त्याच वर्षी डिसेंबरात रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले, आणि परत येऊन २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. ग्रंथाचे लेखन चालूच होते. पुढच्या दोन वर्षांतच १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस उगवला. भंडाऱ्याची हार ते विसरले असतील असे आम्हाला वाटत नाही. तिच्यात अडकले मात्र नाहीत.

यातच आणखी खोल मुद्दा आहे. आपल्या पूर्वजांना शतकानुशतके काय शिकवले गेले? तुझे आजचे हाल मागच्या जन्माच्या पापामुळे आहेत. आज निमूट सेवा कर, पुढच्या जन्मी वरच्या जातीत जन्मशील. म्हणजे कारण मागच्या जन्मात आणि फळ पुढच्या जन्मात! मधला हा आजचा दिवस आपल्याकडून काढूनच घेतला होता. माणसाच्या वाट्याला येणारे सगळे सुखदुःख पूर्वकृत कर्मामुळेच असते, हे मत तथागतांनी स्पष्ट नाकारले. कारण तसे मानले तर आज काही करावे किंवा करू नये याला अर्थच उरत नाही. बाबासाहेबांनीही मागच्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत फेकून दिला. दीक्षाभूमीवर जे मिळाले त्यात हेही होते की आपला आजचा दिवस आपल्याला परत मिळाला. म्हणून आम्ही म्हणतो, दुसऱ्या कोणासाठी वर्तमानात जगणे ही मनःशांतीची युक्ती असेल, आपल्यासाठी तो हक्क आहे.

काही तरुण विचारतात की हे साधू-संन्याशांचे काम, आपण नोकरी-शेतीवाले. त्यांच्यासाठी ब्रह्मदेशातील एक परंपरा सांगतो. रंगूनजवळच्या खेड्यात १८७३ साली जन्मलेले ऊ थेट नावाचे गृहस्थ होते. लहानपणी वडील वारले. त्यांनी धानाच्या पेंढ्यांची बैलगाडी हाकली, नाव वल्हवली, धानाच्या गिरणीत मोजणीचे काम केले. म्हणजे आपल्या तुमसर-भंडाऱ्याच्या माणसाला अगदी जवळचे आयुष्य. कॉलऱ्याच्या साथीत त्यांचा मुलगा आणि मुलगी दगावली. त्या दुःखातून ते साधनेकडे वळले आणि पुढे लेडी सयाडो यांनी त्यांना शिकवायला सांगितले. हेच सया थेटजी. १९३७ साली त्यांच्याकडे ऊ बा खिन नावाचे सरकारी हिशेब खात्यातील अधिकारी शिकले. ते १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल झाले आणि ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांनाही ध्यान शिकवत. त्यांच्याकडून सत्यनारायण गोयंका शिकले, ते १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले. शेतकरी, हिशेबनीस आणि व्यापारी, तिघेही गृहस्थ. इगतपुरीच्या किंवा नागपूरच्या दहा दिवसांच्या शिबिराला आपल्या वस्तीतील काही जण जाऊन आले आहेत. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावे. ज्यांना रोजी बुडवून दहा दिवस काढता येत नाहीत त्यांनी मन खट्टू करू नये.

घरी काय करता येईल ते सांगतो. पहाटे किंवा रात्री निजण्याआधी दहा मिनिटे. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुडीपाशी. श्वास आत, श्वास बाहेर. मन पळेल. पहिल्याच मिनिटाला बाजारात जाईल. रागावू नका, 'पळाले' एवढे जाणा आणि परत आणा. हे परत आणणे म्हणजेच साधना. पळालेच नाही असे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले तर तो झोपला होता असे समजावे! मुलांना पाच मिनिटे पुरे. महाराष्ट्रातील कितीतरी शाळांत आनापान शिकवले जाते, तेव्हा मुले कदाचित तुम्हालाच शिकवतील. ज्यांना मनाचा मोठा आजार आहे, रात्र-रात्र झोप नाही, जीव नकोसा वाटतो, त्यांनी ध्यानाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांकडे जावे, गोळ्या बंद करू नयेत.

दिवसभरात एखादे काम निवडा आणि तेवढे काम पूर्ण भानाने करा. पाणी भरणे, भाकर थापणे, सायकलवर चढणे, काहीही. आणि विहारात त्रिसरण-पंचशील म्हणताना तरी तेथे असा. ओठांवर शील आणि डोळे दाराबाहेरच्या नव्या चपलांवर, असे आम्ही पाहतो म्हणून सांगतो. पाचवे शील तर याच विषयाचे आहे. दारू का वर्ज्य? तर ती प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण आहे म्हणून. जो दिवसभर स्मृती ठेवायला शिकतो त्याला दुसऱ्याने दारू सोडवायची पाळी फारशी येत नाही. हातातला मोबाईल हे नव्या काळाचे प्रमादाचे ठिकाण आहे की नाही, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे. जेवताना ताटात काय होते ते आठवत नाही अशी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांचे बाप तर जास्तच.

पवनीला जाणे झाले तर जगन्नाथ टेकडी जरूर पाहा. १९६९-७० मध्ये तेथे उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूप उजेडात आला. तेथे मिळालेल्या एका शिल्पात मुचलिंद नाग कोरला आहे, ब्राह्मी अक्षरांत त्याच्या नावासह. संबोधीनंतर तथागत झाडाखाली बसले असता अवकाळी पाऊस आणि थंड वारा सुटला, सात दिवस चालला, आणि नागाने फणा धरला अशी कथा आहे. शिल्पात फण्याखाली आसन आहे, ते रिकामे. त्या काळी बुद्धाची मूर्ती कोरत नसत. वैनगंगेकाठच्या आपल्याच पूर्वजांनी हे दगड उभे केले, दान देणाऱ्यांची नावेही दगडावर आहेत. आम्ही त्या कथेकडे असे पाहतो की पाऊस थांबला म्हणून तथागत बसले नव्हते. पाऊस पडत होता आणि ते बसलेले होते. शेतकऱ्याच्या घरात अवकाळी पाऊस म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

शेवटी घरातल्या माणसांविषयी. डोंबाऱ्याची एक गोष्ट तथागतांनी सांगितली आहे. बांबूवर खेळ करणारा उस्ताद आपल्या शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, नाही उस्ताद, तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो, म्हणजे दोघेही सुखरूप उतरू. तथागतांनी शिष्याचे म्हणणे उचलून धरले, पण त्यात भर घातली. स्वतःचा तोल सांभाळण्यात दुसऱ्याचे रक्षण आहे, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री, करुणा यांनी दुसऱ्याला सांभाळण्यात स्वतःचेही रक्षण आहे. सासू-सुनांनी, बाप-लेकांनी ही गोष्ट एकमेकांकडे बोट न दाखवता ऐकली तर फार बरे!

समितीशी बोलून एक ठरवले आहे. येत्या पौर्णिमेपासून दर पौर्णिमेला सायंकाळी वंदनेनंतर वीस मिनिटे सामूहिक आनापान होईल. घंटा एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी वाजेल. मोबाईल दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाकायचे आहेत, समितीच्या पदाधिकाऱ्यांचे सुद्धा. तान्ही बाळे रडली तरी मातांनी उठून जाऊ नये, ते रडणेही ऐकू. आज आता दहा मिनिटे बसू आणि मग खीरदान आहे. पाठ सरळ करा, डोळे मिटा.

जय भीम! नमो बुद्धाय!